पत्र्यावर माणूस चढवण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मे महिना संपत आला आहे आणि पावसाआधी शेडची गळती काढून घेण्याची तुझी घाई मला समजते, म्हणून लगेच उत्तर लिहायला बसलो. वडिलांच्या माघारी भोसरीचा गाळा तू कसा सांभाळतोस हे मी जाणतो, त्याबद्दल इथे लिहीत नाही. तुझा प्रश्न मात्र मला खटकला. पत्रेवाल्याने काम उक्ते घेतले आहे, माणसे त्याची आहेत, मग कोणी पडलाच तर जबाबदारी आपली कशी, असे तू विचारतोस. छत आपले, म्हणून त्यावर चढणारा माणूसही आपला. मला एवढेच सांगायचे आहे.

तुझ्या शेडवर सिमेंटचे जुने पत्रे आहेत आणि उजेडासाठी मधूनमधून फायबरचे पारदर्शक पत्रे घातले आहेत. खालून ते स्पष्ट ओळखू येतात. वर गेल्यावर धूळ, शेवाळ आणि जुन्या डांबराखाली सगळे एकाच रंगाचे दिसतात. आमच्या कारखान्यात पन्हळ साफ करायला चढलेला एक मुलगा अशाच पत्र्यातून खाली गेला. उंची सहा मीटर होती. तेवढे अंतर पडायला जेमतेम 1.1 सेकंद लागतो. त्याच्या अंगावर बेल्ट होता, पण हूक त्याने बेल्टच्याच कडीत अडकवून ठेवला होता, कारण वर अडकवायला काही नव्हतेच. बेल्ट दिल्याची त्याची सही मी रजिस्टरमध्ये घेतली होती, आणि चौकशीत तेच रजिस्टर पुढे केले. लाइफलाइनच्या, म्हणजे हूक अडकवण्यासाठी छतावर ताणून बांधायच्या दोराच्या, खर्चाची टिपणी मी आदल्या वर्षी पाठवली होती आणि ती नामंजूर झाली होती, हेही खरे. तरी त्या सकाळी काम थांबवण्याचा अधिकार माझ्याकडे होता आणि मी तो वापरला नाही. सहीतले शेवटचे अक्षर रेघेखाली घसरले होते, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्यानंतर मी पुष्कळ कामे थांबवली, अडेलतट्टू म्हणवून घेतले, बढतीही गेली. आजही मी तेच करीन.

म्हणून नुसते बेल्ट आणून मोकळा होऊ नकोस. दोन मीटरची दोरी, झटका शोषताना उलगडणारी आणखी पावणेदोन मीटरपर्यंतची पट्टी आणि त्याखाली लोंबणारे माणसाचे शरीर यांची बेरीज कर. हूक पायापाशी अडकवला, तर तुझ्या पाच मीटरच्या शेडमध्ये दोरीने पूर्ण थांबवण्याआधी माणूस फरशीला लागू शकतो. पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या तुळयांवर, टेकणाऱ्या रुंद फळ्या, पत्र्याखाली जाळी, इंजिनीअरने तपासलेल्या सांगाड्याला बांधलेली लाइफलाइन, हे आधी, माणूस नंतर. फायबरचा पत्रा बदलायचा असेल, तर तो मचाण लावून खालूनच बदलून घे.

तुझ्या सल्लागाराने कामगार मोजून कायदा लागू नसल्याचे सांगितले, हे वाचून मला राग आला. उंचीवरून पडण्याचा संभव असेल तिथे कठडा किंवा अन्य तरतूद हवी, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 32 मध्ये आले; ती अक्कल माणसे मोजून वापरायची नसते. अमेरिकेत दोरावर लोंबकळून काम करायचे असेल, तर प्रत्येक आधारबिंदू कोणत्याही दिशेला 5,000 पौंडांचा भार पेलतो, हे इमारतीच्या मालकाला कंत्राटदाराकडे लेखी द्यावे लागते. मालकाला, कारण छत त्याचे असते.

आणि ‘माणसेच बेल्ट लावत नाहीत’ हे मला सांगू नकोस. उक्त्या कामात प्रत्येक वेळी हूक काढून पुढे लावण्यात त्यांची मजुरी बुडते. त्यांना रोजावर ठेव, मग लावतात की नाही ते बघ.

कंत्राटदाराला उद्याच फोन करून फळ्या आणि जाळीचा खर्च वेगळा मांडायला सांग. शनिवारी मी येतो. फायबरच्या प्रत्येक पत्र्याची जागा खालून बघून आपण कागदावर उतरवू. तोवर शिडीला कुलूप घाल.

तुझा,
काका