जहाजावरील मृत्यू : पार्थिव मिळवण्यासाठी हक्कसोडपत्रावर सही करावी का?

प्रश्न : माझे थोरले बंधू एका परदेशी मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला होते. जहाज परदेशातील बंदरात उभे असताना सहा दिवसांपूर्वी त्यांचा मृत्यू झाला. हृदयविकाराचा झटका आला, एवढेच आम्हांला तोंडी कळवण्यात आले. त्यांना कामावर पाठवणारा एजंट म्हणतो की ‘सर्व देणी मिळाली, यापुढे कोणताही दावा करणार नाही’ अशा मजकुराच्या कागदावर वहिनींनी सही केल्याशिवाय पार्थिव तिथून हलणार नाही. आई-वडील म्हणतात, हवी ती सही द्या, पण त्याला घरी येऊ द्या. शवविच्छेदनालाही त्यांचा विरोध आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या आई-वडिलांचे म्हणणे मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यांची इच्छा पूर्णपणे रास्त आहे, आणि ती पूर्ण होण्यासाठी या सहीची गरज नाही, हे सर्वांत आधी सांगतो. परदेशातून पार्थिव पाठवताना रुग्णालय, स्थानिक प्रशासन, दूतावास आणि विमान कंपनी बरीच कागदपत्रे मागतात. परंतु वारसांनी नुकसानभरपाईचा हक्क सोडल्याचे पत्र त्यांपैकी कोणालाही लागत नाही. ते मागतो तो फक्त ज्याला पुढे पैसे द्यावे लागणार आहेत तो. वहिनींनी त्या कागदावर सही करू नये.

यामागचा कायदा स्पष्ट आहे. २००६ चा सागरी कामगार करार, म्हणजे खलाशांच्या हक्कांविषयीचा देशादेशांतील करार, २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला असून जगातील व्यापारी जहाजांच्या एकूण टनभाराचा ९० टक्क्यांहून अधिक भाग तो स्वीकारलेल्या देशांच्या ध्वजाखाली चालतो. आपल्या बंधूंच्या जहाजावर कोणत्या देशाचा ध्वज होता, हे त्यांच्या नोकरीच्या करारावरून आज पाहून घ्या, म्हणजे त्या देशाने हा करार स्वीकारला आहे का, हे कळेल. या सागरी कराराच्या नियम ४.२ नुसार नोकरीच्या काळात खलाशाचा मृत्यू जहाजावर झाला किंवा किनाऱ्यावर झाला, तरी अंत्यविधीचा खर्च जहाजमालकावर येतो, आणि मृताचे सामान सुरक्षित ठेवून वारसांकडे पोहोचवणे हेही त्याचेच काम आहे. कराराच्या २०२२ मधील दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या. त्यांनुसार प्रवासात खलाशाचा मृत्यू ज्या देशाच्या हद्दीत झाला त्या देशाने, खलाशाच्या किंवा त्याच्या वारसांच्या इच्छेप्रमाणे आणि तेथील कायद्याला धरून, जहाजमालकाला पार्थिव किंवा अस्थी मायदेशी पाठवणे सुकर करून द्यायचे असते. जहाजमालकाचे खलाशांच्या संघटनेशी झालेले अनेक सामूहिक करार पार्थिव पाठवण्याचा खर्च स्वतंत्र कलमाने मालकावर टाकतात. तसा करार आपल्या बंधूंना लागू असल्यास त्याची प्रत मागा.

भरपाईबाबत तर सागरी करार अधिकच नेमका आहे. १८ जानेवारी २०१७ पासून लागू असलेल्या तरतुदींनुसार मृत्यूबद्दल नोकरीच्या करारात ठरलेली रक्कम पूर्ण आणि विनाविलंब द्यायची असते, त्याहून कमी रक्कम स्वीकारण्यासाठी वारसांवर दबाव आणता येत नाही, आणि ती स्वीकारल्याने त्यांचे इतर कायदेशीर हक्क संपत नाहीत. पैसे घेताना सही करायच्या पावतीचा नमुनाही सागरी करारालाच जोडलेला आहे. या देण्यासाठी मालकाने विमा किंवा तत्सम हमी घेतलेली असावी लागते. तिचे प्रमाणपत्र जहाजावर दर्शनी जागी लावलेले असते आणि त्यावर विमा देणाऱ्या संस्थेचे, बहुधा एखाद्या पी अँड आय क्लबचे (जहाजमालकांच्या परस्पर विमा संस्थेचे), नाव व संपर्क असतो. वहिनी त्या संस्थेकडे थेट दावा करू शकतात. त्यासाठी मधल्या एजंटाची गरज नाही.

वहिनींनी एका कागदावर मात्र लवकर सही करायला हवी, आणि तो हक्कसोडपत्रात मिसळला जाण्याचा धोका खरा आहे. दूतावासाला व अंत्यसेवा पुरवणाऱ्या संस्थेला निकटच्या वारसाचे संमतीपत्र लागते. त्यात मृताचे नाव, पासपोर्ट क्रमांक, वहिनींचे नाते, पार्थिव कोठे पाठवायचे आणि तिकडे ते ताब्यात घेण्याचा अधिकार कोणाला दिला आहे, एवढाच मजकूर असावा. शेवटी ‘ही संमती केवळ पार्थिवाच्या वाहतुकीपुरती असून तिच्यामुळे वेतन, भरपाई किंवा अन्य कोणताही हक्क सोडलेला नाही’ हे वाक्य अवश्य घाला. आई-वडिलांचे ना हरकत पत्रही सोबत जोडा. घरातून दोन वेगळ्या सूचना गेल्या की तिकडचे अधिकारी काम थांबवतात, आणि तसे करणे त्यांना भागच असते.

आता शवविच्छेदनाविषयी. आई-वडिलांच्या भावनेचा मला आदर आहे, तरीही माझा सल्ला त्यांच्या इच्छेविरुद्ध आहे. अचानक झालेल्या मृत्यूत अनेक देशांत शवविच्छेदन कायद्यानेच बंधनकारक असते आणि कुटुंबाच्या विरोधाने ते टळत नाही. ते ऐच्छिक असले तरी आपण ते मागावे, कारण ‘हृदयविकार’ ही आतापर्यंत केवळ तोंडी माहिती आहे. इंजिनरूममधली उष्णता, गुदमरवणारा वायू, विजेचा धक्का किंवा विश्रांतीविना झालेले काम यांपैकी काही कारणीभूत होते का, हे त्यावाचून कळणार नाही. येथे क्रम महत्त्वाचा आहे : विमानाने पाठवण्यापूर्वी शवलेपन, म्हणजे एम्बामिंग, होते आणि त्यातील रसायनांमुळे नंतरची विषचाचणी अविश्वसनीय ठरू शकते. म्हणून शवलेपनाआधी रक्त, लघवी व डोळ्यांतील द्रवाचे नमुने काढून जपून ठेवावेत, अशी लेखी विनंती दूतावासामार्फत आजच करा. अंतिम अहवालाला वेळ लागतो, पण बहुतेक ठिकाणी तपासणी पूर्ण झाल्यावर अहवालाची वाट न पाहता पार्थिव सोडले जाते. तेवढ्यासाठी घरी येणे लांबणार नाही, हे आई-वडिलांना समजावून सांगा. ‘तिकडेच दहन करून अस्थी पाठवतो’ असा प्रस्ताव आला तर कारण निश्चित होईपर्यंत तो स्वीकारू नका.

कागदपत्रांत मृत्यूचा दाखला, शवलेपनाचे प्रमाणपत्र, संसर्गजन्य आजार नसल्याचे प्रमाणपत्र, शवपेटी मोहोरबंद केल्याचा दाखला आणि दूतावासाचे ना हरकत पत्र ही मुख्य होत. १९३७ चा बर्लिन करार किंवा १९७३ चा स्ट्रासबर्ग करार मानणाऱ्या देशांत पार्थिवासाठी स्वतंत्र वाहतूक परवाना निघतो. त्यावर मृताचे नाव, वय आणि मृत्यूचे ठिकाण, दिनांक व कारण नोंदलेले असते. स्ट्रासबर्ग करारानुसार पेटी किमान २० मिलिमीटर जाड लाकडाची व आत डाखलेल्या जस्ताची, किंवा जस्ताचे अस्तर असलेल्या ३० मिलिमीटर लाकडाची असावी लागते. हे काम अंत्यसेवा संस्थेचे आहे. आपण फक्त सर्व कागदांवरील नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळते का, ते पाहा. दूतावास पासपोर्ट रद्द करेल, त्यापूर्वी त्याच्या व सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदपुस्तकाच्या, सर्व पानांच्या प्रती घ्या.

पुरावा जहाजासोबत निघून जातो, याची मला अधिक काळजी वाटते. जहाज बंदर सोडण्यापूर्वी मालकाला ईमेल पाठवून लॉगबुकातील नोंदी, कॅप्टनचा अहवाल, दिलेल्या औषधोपचाराची नोंद आणि बंधूंच्या विश्रांतीच्या तासांचा तक्ता जपून ठेवून त्यांच्या प्रती देण्यास सांगा. कामाच्या कमाल तासांऐवजी विश्रांतीच्या किमान तासांचा नियम पाळणाऱ्या जहाजांना २४ तासांत १० आणि ७ दिवसांत ७७ तास खलाशाला द्यावेच लागतात. बंधूंचा मोबाइल सामानाच्या यादीत आहे ना, हेही विचारा.

त्याच ईमेलमध्ये लिहा : ‘पार्थिव पाठवण्यास आमची संमती सोबत आहे. हक्कसोडपत्राची अट कोणत्या कायद्याखाली घातली आहे ते लेखी कळवावे.’ प्रत एजंट, विमा देणारी संस्था, ध्वजराष्ट्राचे सागरी प्रशासन आणि दूतावास यांना द्या. आपल्या नागरिकाच्या मृत्यूची माहिती विनाविलंब मिळणे हा १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार वाणिज्य दूतावासाचा हक्क आहे, तेव्हा त्यांना ती मिळाली का, हे आधी विचारा. एजंटाने तरीही अडवणूक केली, तर बंदरातील जहाज-तपासणी यंत्रणेकडे तक्रार करावी आणि आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, निरीक्षकांची मदत मागावी. अनेक बंदरांत ते असतात. अशी अट तोंडी घालणारे लोक ती कागदावर लिहून देताना बहुधा कचरतात, असा माझा अनुभव आहे.

भरपाईचा दावा अंत्यविधीनंतर शांतपणे करता येईल. मात्र नोकरीच्या करारात दाव्याची मुदत दिली असेल, तर ती तारीख आताच लिहून ठेवा.