नॅशनल गार्ड कोणाच्या हुकमात?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून नॅशनल गार्डबद्दल, म्हणजे तिथल्या राज्यांच्या राखीव सैन्यदलाबद्दल, त्याच शंका सतत येतात. म्हणून काही एकत्र घेतोय.

गार्ड राज्याचं की केंद्राचं?
दोघांचं. एरवी गव्हर्नरचं, फेडरल सेवेत बोलावलं की राष्ट्राध्यक्षांचं.

गव्हर्नर ‘नाही’ म्हणाला की राष्ट्राध्यक्षांना गार्ड हलवताच येत नाही, असं ग्रुपवर आलंय.
ग्रुपवर काय वाट्टेल ते येतं! 1957 मध्ये लिटल रॉकला काळ्या विद्यार्थ्यांना शाळेबाहेर अडवायला अर्कान्सासच्या गव्हर्नरने गार्ड उभं केलं होतं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तेच गार्ड स्वतःच्या हाताखाली घेतलं. 1965 मध्ये काळ्यांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चाला संरक्षण द्यायला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अलाबामाच्या गव्हर्नरला न जुमानता हेच केलं.

म्हणजे संमती लागत नाही. कारण मात्र लागतं, आणि ते कोणीच वाचत नाही. फेडरल कायद्यांच्या टायटल 10 या भागातल्या कलम 12406 मध्ये तीनच कारणं आहेत: परकीय आक्रमण, बंड, किंवा ‘नियमित दलां’च्या बळावर कायदे राबवता न येणं. गव्हर्नरचा विरोध असताना शिकागोला गार्ड पाठवायच्या प्रकरणात सगळं याच दोन शब्दांवर अडलं. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नियमित दलं म्हणजे बहुधा लष्कर, इमिग्रेशनचे अधिकारी नव्हेत. आणि लष्कराने तिथे कायदे राबवावेत याला आधार कोणता, ते सरकारला दाखवता आलं नाही. यावरून ‘आता गार्ड कधीच येणार नाही’ असा फॉरवर्डही फिरला. तोही खोटा! तो अंतरिम आदेश होता, आणि बंड मोडायला लष्कर वापरू देणारा 1807 चा इन्सरेक्शन अ‍ॅक्ट तिथे वापरलेलाच नव्हता. तुमच्या राज्यात काय लागू आहे, ते वकिलालाच विचारा.

वॉशिंग्टन डीसीचं काय?
तिथे गव्हर्नरच नाही. गार्ड थेट राष्ट्राध्यक्षांकडे.

भाच्याला गार्डचं बोलावणं आलंय. त्याला लोकांना अटक करावी लागेल का?
ऑर्डरवर कोणतं टायटल लिहिलंय? टायटल 10 असेल तर 1878 चा पॉसी कॉमिटेटस कायदा लागू; पोलिसी काम सहसा करता येत नाही, इन्सरेक्शन अ‍ॅक्ट हा मोठा अपवाद. टायटल 32 असेल तर पगार केंद्राचा, हुकूम गव्हर्नरचा, आणि ती बंदी लागू नाही. गणवेश दोन्हीकडे तोच, त्यामुळे फोटो पाठवून मला विचारू नका. ऑर्डर घेऊन त्याने युनिटच्या जॅग, म्हणजे लष्करी, वकिलाला भेटावं.

एक एजंट 500 डॉलरमध्ये तैनातीतून ‘सूट’ मिळवून देतो म्हणतो.
छदामही देऊ नका. सूट हवी असेल तर अर्ज युनिटकडेच जातो. आणि हजर व्हायच्या आदल्या रात्री जागे होऊ नका. तोवर कोणताही वकील फारसं काही करू शकत नाही.

मुलाची नोकरी जाईल का?
सेवेवर गेलेल्यांची नोकरी राखणाऱ्या युसेरा कायद्याने सहसा जात नाही, पण मालकाला आधी कळवायला हवं. तोंडी चालतं, तरी ईमेल करा. सेवेची एकूण पाच वर्षांची मर्यादा आहे, तिला अपवाद बरेच. हिशेब वकिलाकडून तपासून घ्या.