आयसर माझ्यासाठी आहे का?

प्रश्न: ताई, मी लातूरला बारावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. बाबा मार्केट यार्डात आडतीवर हिशेब लिहितात, आई शिवणकाम करते. सराव परीक्षांचे मार्क बघून सर म्हणतात, सीईटीतून पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत नंबर लागेल, आणि आयएटी ही आयसरची प्रवेश परीक्षा नीट दिली तर आयसर पुणे, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्राची संस्थाही मिळेल. मला फिजिक्स मनापासून आवडतं. परवा सरांना विचारलं, नळाची धार खाली जाता जाता तुटून तिचे थेंब का होतात? सर म्हणाले, "हे परीक्षेला नाही, पुढचं घे." घरच्यांना इंजिनिअरिंग हवंय. मला भीती वाटते, की आयसरला सगळी ऑलिंपियाडवाली मुलं असतील आणि मी मागे पडेन. ती जागा माझ्यासाठी आहे की नाही, हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, लातूर

उत्तर: आधी थेंबांचं बघू, कारण तुझ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

खाली येताना पाण्याचा वेग वाढतो म्हणून धार बारीक होते, एवढं तुमच्या पुस्तकातल्या नियमातून निघतं. ती तुटते मात्र पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आखडून घ्यायला बघतो त्यामुळे. धारेवर सतत बारीक लहरी उठत असतात. ज्या लहरीची लांबी धारेच्या परिघापेक्षा जास्त, ती वाढत जाते; धार जिथे जराशी आवळली, तिथे आणखी आवळते आणि शेवटी तुटते. बेल्जियमच्या प्लाटो यांनी एकोणिसाव्या शतकात हे प्रयोगांतून दाखवलं आणि लॉर्ड रॅले यांनी १८७०च्या दशकात त्याचं गणित मांडलं.

हे वाचून तुझ्या मनात काय आलं ते बघ. "अच्छा, असं आहे होय" म्हणून समाधान झालं, की साबणाचं पाणी घेतलं तर काय होईल, असं लगेच डोक्यात आलं? दुसरं झालं असेल तर पुढचे आठ दिवस रोज अर्धा तास काढ. मोबाइल स्लो मोशनवर लाव, शेजारी पट्टी उभी कर आणि नळ कमी-जास्त सोडून धार तोटीपासून किती सेंटिमीटरवर तुटते ते वहीत लिही. खाली बादली ठेव. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या गावच्या मुलीला हे सांगायची गरज नाही म्हणा. आकडे सहजासहजी जुळणार नाहीत. तोटी खडबडीत असेल, शेजाऱ्यांनी मोटर लावली की प्रवाह बदलेल, कालचा आकडा आज येणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी वैताग येईल. तेव्हा वही मिटून टाकावीशी वाटते, की सलाईनची नळी आणून प्रवाह स्थिर ठेवता येईल का असं सुचतं, याकडे लक्ष दे.

मी हे एवढं ताणून सांगते, कारण आयसरचं सगळं शिक्षण याच दिशेने जातं. मी पुण्यात पाषाण रोडवर, आयसरला लागूनच असलेल्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संशोधन केलं. २००६ साली आयसर सुरू झालं आणि पहिली काही वर्षं तात्पुरत्या जागेत चाललं, तेव्हापासून तिथली मुलं बघते आहे. पाच वर्षांचा बीएस-एमएस हा पदवी आणि पदव्युत्तर मिळून एकच अभ्यासक्रम. सुरुवातीला जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक सगळंच शिकायचं, आवडता विषय नंतर. शेवटचं वर्ष प्रबंधाचं. तिथे प्रश्नसंच नाही आणि मागच्या पानावर उत्तरंही नाहीत. बुद्धी असलेली मुलंही तिथे कासावीस होतात, कारण तोवर त्यांना कुणीतरी तयार प्रश्न हातात दिलेला असतो. तुमच्या लातूरच्या क्लासांनी तुला मेहनतीची सवय लावली आहे, ती तिथे फार उपयोगी पडेल. पण सरावाने वेग येतो. अडकून बसण्याची तयारी वेगळी लागते, आणि ती तुझ्यात आहे का हे मार्कांवरून मी सांगू शकत नाही.

मागे पडण्याचं म्हणशील, तर पहिल्या सत्रात बहुतेक पडशील. वर्गातले सगळेच आपापल्या गावचे पहिले, त्यातला कुणीतरी शेवटचा येणारच. इंग्रजीची भीती साधारण वर्षभरात जाते. जी मुलं खोलीत दार लावून एकटी झगडतात, त्यांची मला खरी काळजी वाटते. न कळलेलं वर्गात हात वर करून विचारायची हिंमत तू सरांसमोर दाखवली आहेस, ती सोडू नकोस.

आता घरच्यांचं. त्यांचं म्हणणं मला मुळीच चुकीचं वाटत नाही. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेणाऱ्या मुलींची शिक्षण फी माफ आहे. सीओईपीला ती लागू होते. आयसर केंद्राचं, तिथे हा निर्णय चालत नाही. त्यांच्या सवलती त्यांच्या कार्यालयाला विचार. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलीस तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो, वर्षाला ८०,००० रुपयांची. पुढे पीएच.डी. केलीस तर आणखी पाच-सहा वर्षं. त्या काळात सुरुवातीला मिळणारी ज्युनिअर फेलोशिप सध्या महिना ३७,००० रुपये आहे. म्हणजे मैत्रिणी नोकरीत स्थिरावल्या तरी तू शिकतच असशील. बाबांना हे आत्ताच, आकड्यांसकट सांग. चौथ्या वर्षी कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल.

लवकर कमावणं घरासाठी गरजेचं असेल, तर बेलाशक सीओईपीला जा. १८५४ पासूनची संस्था आहे, तिथे जाणं म्हणजे हार नव्हे. आयसर निवडायचं असेल तर मात्र एकदा बाबांना घेऊन पाषाणला ये. इमारती बघत बसू नका. तिसऱ्या वर्षाच्या दोघी-तिघींना गाठ आणि विचार, कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा गेला? पहिल्या वर्षाच्या मुली अजून हरखलेल्या असतात, त्यांना विचारून उपयोग नाही.

आयएटीत चारही विषयांचे १५-१५ प्रश्न असतात. जीवशास्त्र सोडलं असशील तरी त्या १५ प्रश्नांकडे अगदीच पाठ फिरवू नकोस. फॉर्म दोन्हीकडचे भर. आयसर यंदा हुकलं, तर लातूरलाच चांगली बीएस्सी करून जॅम या बीएस्सीनंतरच्या प्रवेश परीक्षेमार्फत आयसरच्या इंटिग्रेटेड पीएच.डी.ला (एमएस्सी आणि पीएच.डी. एकत्र) अर्ज करता येतो.