भुंगे दिसतात म्हणून औषध निरुपद्रवी ठरत नाही

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध टोचल्यावर गुरांच्या शेणातले भुंगे मरतात का, आणि मरत असतील तर टोचल्यानंतर पाचव्या दिवशीच्या पोवर (शेणाच्या थापीवर) ते धडधाकट फिरताना कसे दिसले? तुम्ही पाहिलेत ते पूर्ण वाढलेले भुंगे. खरा मार बसतो तो अळीला, आणि ती वरून दिसत नाही.

हे औषध जनावराच्या अंगात पूर्ण मोडत नाही. बहुतेक शेणावाटेच बाहेर पडतं, आणि त्यातला बराच भाग जसाच्या तसा. जंतांच्या मज्जातंतूंवर क्लोराइड आत सोडणारी जी दारं असतात ती हे औषध उघडीच ठेवतं, मग जंत लुळा पडतो. गुरांमध्ये त्या जातीची दारं नाहीत, म्हणून गुरं सहीसलामत राहतात. किड्यांमध्ये मात्र ती आहेत, आणि औषधाला जंत कोणता नि शेणकिडा कोणता हे कळत नाही.

आता पोखाली काय चालतं ते बघा. बीळ करणाऱ्या जातीची मादी शेण खाली नेते, दाबून गोळा करते आणि त्यात एक अंडं घालते. अळीची जन्माची शिदोरी तेवढीच. मोठा भुंगा शेणातला रस आणि बारीक कण तेवढे घेतो, नको वाटलं तर उडून दुसऱ्या पोवर जातो. अळीला ती सोय नाही. ती चोथ्यासकट आईने दिलेलंच खाते, आठवडेच्या आठवडे. म्हणून ज्या प्रमाणाने मोठ्याला काही होत नाही त्यात अळी मरते, किंवा वाढच खुंटते. कोषातून नुकतेच निघालेले कोवळे भुंगेही जास्त नाजूक असतात. माशी शेकड्यांनी अंडी घालते, तिची तूट लवकर भरून निघते. भुंग्याची पिल्लं मोजकी, त्यामुळे एक हंगाम गेला की पुढच्या वर्षी फरक जाणवतो.

आणि फिरणारा भुंगा ठणठणीत असतोच असंही नाही. २०१५ साली स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं की अगदी थोड्या प्रमाणातही भुंग्यांची वास घेण्याची आणि हालचालीची क्षमता घटते. गंमत म्हणजे त्याच वर्षी हे औषध शोधल्याबद्दल ओमुरा आणि कॅम्पबेल या शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. औषध वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण दर दोन महिन्यांनी सरसकट सगळ्या कळपाला देणं मला पटत नाही.

१९८७ चा 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकातला जो प्रयोग सगळे सांगतात (औषध दिलेल्या गुरांचं शेण शंभर दिवसांनीही तसंच पडून), त्यात पोटात ठेवलेली, सतत औषध सोडणारी गोळी होती. एका इंजेक्शनला तो निकाल जसाच्या तसा लावू नका. इंजेक्शनची मात्रा किलोला ०.२ मिलिग्रॅम, पाठीवर ओतायच्या औषधाची ०.५. ओतलेलं औषध शेणात लवकर आणि जास्त उतरतं. इंजेक्शनचा अळ्यांवरचा परिणाम जातीनुसार एक ते चार आठवडे धरून चाला.

स्वतः बघायचं असेल तर औषध दिलेल्या आणि न दिलेल्या जनावराचे सारख्या आकाराचे, त्याच दिवशीचे पो एकाच जमिनीवर काठी रोवून ठेवा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा फसलो होतो. दोन्ही जनावरं एकत्र बांधलेली, औषध पाठीवर ओतलेलं, आणि गुरं तर एकमेकांना चाटतात! 'न दिलेल्या'च्या शेणातही औषध उतरलं असणार. तेव्हा जनावरं वेगळी ठेवा. तीन आठवड्यांनी पो उलटून खालची माती खुरप्याने हळूच सोडवा आणि गोळे फोडा. निरोगी अळी पांढरट, पाठीवर कुबड आलेली, हात लागताच वळवळते. औषधाच्या पोखालचे गोळे बाहेरून तसेच दिसतात, आत मात्र सुकलेली अळी किंवा नुसतंच शेण. कडक उन्हात पो वरून करकरीत वाळतो, तेव्हा 'शेण कुजत नाही' एवढ्यावरून औषधाला दोष देऊ नका.

उपाय म्हणाल तर आधी शेणतपासणी करून ज्याला गरज आहे त्यालाच औषध. फक्त पोटातले जंत असतील तर फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल भुंग्यांना बरेच सौम्य आहेत, पण गोचीड, खरूज त्याने जात नाही. मॉक्सिडेक्टिन हे त्याच जातीचं औषध आयव्हरमेक्टिनपेक्षा सौम्य. निवड तुमच्या पशुवैद्याशी बोलूनच करा. भुंग्यांचा हंगाम ऐन भरात असताना शक्यतो टाळा, आणि द्यावंच लागलं तर निदान पहिले दोन आठवडे जनावर गोठ्यात ठेवून शेण खड्ड्यात टाका.

गोचिडासाठी काय वापरता ते मात्र लिहिलं नाहीत. डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन ओतत असाल तर आधी ते सांगा, कारण ते मोठ्या भुंग्यांनाही मारतं.