उत्तर : एसडीव्हीओएसबीचा अर्ज आणि ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटमधलं ‘एकमत’

नमस्कार. तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. अमेरिकन नेव्हीतून बाहेर पडलात, व्हीएचं (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचं) २० टक्के अपंगत्वाचं रेटिंग आहे, एचव्हीएसीची (हीटिंग-कूलिंगची) एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी आहे, त्यात ५१ टक्के तुमचे आणि ४९ टक्के मेहुण्यांचे. एसडीव्हीओएसबी, म्हणजे लष्करी सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाची (व्हेटरनची) छोटी कंपनी, हा दर्जा मिळावा म्हणून एसबीएच्या (छोट्या उद्योगांच्या सरकारी खात्याच्या) व्हेटसर्ट या पडताळणी कार्यक्रमात अर्ज टाकलात आणि रिव्ह्यूअरने ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटमधल्या, म्हणजे भागीदारांच्या करारातल्या, मतदानाच्या कलमाबद्दल खुलासा मागितलाय. तुम्हाला वाटतंय की २० टक्के रेटिंग कमी पडलं. शिवाय एक मोठी कंपनी ‘तुमचं नाव वापरू द्या’ म्हणून मागे लागली आहे.

मी आर्मीत सप्लायमध्ये होते. आता साफसफाई आणि बिल्डिंग मेंटेनन्सची कंपनी चालवते. २०२१ मध्ये, म्हणजे पडताळणी अजून व्हीएकडे होती तेव्हा, जवळजवळ शब्दशः हाच खुलासा माझ्याकडे मागितला होता. १ जानेवारी २०२३ पासून ते काम एसबीएकडे आलं, पण दुखणं तेच आहे.

आधी सांगते की मी वकील नाही, सीपीए नाही. नियम १३ सीएफआर (केंद्र सरकारची नियमावली), भाग १२८ मध्ये आहेत आणि ते बदलत असतात, म्हणून माझं ऐकून सही करू नका, मूळ मजकूर वाचून करा. सॅमची (सरकारी कंत्राटदारांच्या यादीतली) नोंदणी, यूईआय हा कंपनीचा क्रमांक, नेक्स हा धंद्याच्या प्रकाराचा कोड हे सगळं तुम्ही केलेलं असणारच, त्यात जात नाही.

रेटिंगचं डोक्यातून काढून टाका. आजार किंवा इजा सर्व्हिस-कनेक्टेड, म्हणजे लष्करी सेवेशी जोडलेली, ठरलेली असली की ० टक्के रेटिंगसुद्धा चालतं. किमान इतके टक्के हवेत असं काही नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की १० टक्केवाले कितीतरी जण अर्जच करत नाहीत, आणि ते पाहून मला फार वाईट वाटतं.

तुमची गाठ त्या कलमात आहे. तुम्ही पोस्टमध्ये टाकलेलं कलम असं : ‘कंपनीचे सर्व महत्त्वाचे निर्णय सर्व सभासदांच्या एकमताने होतील.’ भागीदारीच्या दृष्टीने यात वावगं काहीच नाही, घरच्या माणसांत तर हेच शोभून दिसतं. पण एसडीव्हीओएसबीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ४९ टक्केवाले मेहुणे ‘नाही’ म्हणाले तर तुमचं काही चालत नाही. मालकी तुमची, पण ताबा तुमचा नाही. नियमाला दोन्ही लागतं. ५१ टक्के मालकी विनाअट आणि थेट हवी, सर्वात वरचं पद तुमच्याकडे हवं, आणि रोजचे तसेच दूरचे निर्णय तुम्हाला एकट्याला घेता आले पाहिजेत. नियमात मोजके अपवाद आहेत, जिथे दुसऱ्या भागीदाराची संमती ठेवता येते : नवा भागीदार घेणं, कंपनी बंद करणं, विकणं, दुसऱ्या कंपनीत विलीन करणं, दिवाळखोरी अशासारखे. त्यापलीकडे नाही. माणसं नेमणं, पगार ठरवणं, कर्ज काढणं, टेंडर भरणं, यातलं काहीही ‘एकमतात’ अडकलं की रिव्ह्यूअर तिथे बोट ठेवणारच.

माझं नुकसान याच कलमाने केलं आणि ते कलम ज्या ऑफिसातून आलं त्याबद्दल आजही मला संताप आहे. नाव लिहीत नाही. पहिल्याच भेटीत मी त्यांना सांगितलं होतं की ही कंपनी व्हेटरनच्या सर्टिफिकेशनसाठी उभी करायची आहे, ५१ टक्के मी, ४९ टक्के माझे यजमान. ‘व्हेटरन लोकांचं आम्ही पुष्कळ काम करतो’ असं उत्तर मिळालं आणि फी आगाऊ घेतली. कागद आला तो त्यांच्या नेहमीच्या साच्यातला, नावं आणि टक्के बदललेला. आधीच्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाचं लिकर लायसन्सचं कलमही त्यात तसंच राहिलं होतं, माझ्या साफसफाईच्या कंपनीच्या करारात. ते मी दाखवलं तर त्यांनी तेवढीच ओळ खोडली आणि बाकी सगळं व्यवस्थित आहे म्हणून सांगितलं. एकमताचं कलम होतंच. वर कोरम ७५ टक्क्यांचा, म्हणजे यजमान हजर नसतील तर मला बैठकही घेता येणार नाही. तुमच्या करारात कोरम किती आहे ते आत्ताच बघा, कारण रिव्ह्यूअर त्याच्यावरही येतील.

खुलासा मागणारं पत्र मी त्यांना पाठवलं, तर अ‍ॅटर्नी कोर्टात आहेत, परत फोन करतील, हे उत्तर ठरलेलं. शेवटी ईमेल आला, त्याचा मतलब असा की ५१ टक्के तुमचेच आहेत, रिव्ह्यूअरला नीट कळलेलं नाही, त्यालाच समजावून सांगा. नियम वाचण्याची तसदी कोणी घेतली नाही. पुढे मी स्वतः कलमाचा क्रमांक काढून दिला तेव्हा दुरुस्ती केली, आणि तिचं बिल तासावर लावलं. त्यांच्याच कागदाची दुरुस्ती आणि पैसे माझे.

तोवर एका व्हीए क्लिनिकच्या साफसफाईचं टेंडर बंद झालं. जागा मी पाहून आले होते, माणसं ठरली होती, फरशीचं क्षेत्रफळ आणि फेऱ्यांचा हिशेब तयार होता. पण व्हीएच्या सेट-असाइडमध्ये (राखीव कामात) बोली लावतानाच पडताळणी झालेली लागते, नंतर देतो म्हणून चालत नाही. एक पक्कं वर्ष आणि पुढची चार ऑप्शन वर्षं (सरकारला हवं तर वाढवायची) असं ते काम होतं. ते दुसऱ्याकडे गेलं आणि तिथून हललं नाही.

म्हणून माझं मत जरा टोकाचं झालंय, तुम्हाला पटेल न पटेल : ज्या वकिलाने १३ सीएफआर १२८ तुमच्यासमोर उघडून, ताब्याचं कलम बोटाने दाखवून समजावलं नाही, त्याला हे काम देऊ नका. ‘स्मॉल बिझनेसचा अनुभव आहे’ एवढं पुरत नाही. आणि पैसे खर्च करण्याआधी तुमच्या भागातल्या एपेक्स अ‍ॅक्सिलरेटर या सरकारी कंत्राटांच्या सल्ला केंद्राकडे जा, ज्याला पूर्वी पीटॅक म्हणायचे. तिथला सल्ला फुकट असतो. ते करार लिहून देणार नाहीत, पण कुठे अडकेल ते अनुभवी समुपदेशक पटकन सांगतात. व्हेटरन्स बिझनेस आउटरीच सेंटरही आहेत. माणसामाणसात फरक असतो, एकाकडे जमलं नाही तर दुसरा बघा.

करारात काय हवं ते थोडक्यात सांगते, शब्द तुमच्या वकिलाचे. कंपनी मॅनेजर-मॅनेज्ड (सभासदांऐवजी मॅनेजर चालवतो अशी) असावी आणि एकमेव मॅनेजर तुम्ही. निर्णय साध्या बहुमताने, म्हणजे ५१ टक्क्यांनी. कोरम तुमच्या एकट्याच्या हजेरीने पूर्ण व्हावा. मेहुण्यांची संमती फक्त वर सांगितलेल्या अपवादांपुरती. तुम्हाला पदावरून काढण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नको. तुमचा हिस्सा अमुक झालं तर आपोआप मेहुण्यांकडे जाईल अशी अट असेल तर ती नीट तपासून घ्या, कारण तिने मालकी ‘विनाअट’ राहत नाही. बँकेच्या खात्यावर मोठ्या रकमेला दोघांच्या सह्या लागतात का तेही पाहा. कागदात मॅनेजर तुम्ही आणि चेकला सही मेहुण्यांची, हे विसंगत दिसतं.

आता एक गोष्ट, जी तुम्ही ओझरती लिहिलीत आणि मला जास्त काळजीची वाटते. एचव्हीएसीचं लायसन्स मेहुण्यांच्या नावावर आहे आणि भांडवलही बरंचसं त्यांचंच. तुमच्याकडे स्वतःकडे लायसन्स असलंच पाहिजे असं नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्यावर अंतिम देखरेख तुमची आहे हे दाखवता आलं तर चालतं. पण लायसन्सवाला माणूसच भागीदार आणि पैसाही त्याचाच असेल, तर प्रत्यक्षात कंपनी तोच चालवतो असा निष्कर्ष निघू शकतो. खुलाशात यावर आपणहून लिहा : माणसं कोण नेमतं, कोटेशनवर सही कोणाची, कामाची वाटणी कोण करतं. दुसरा लायसन्सधारक पगारावर घेता आला तर उत्तमच. आणि तुमची दिवसाची दुसरी पूर्णवेळ नोकरी चालू असेल तर तेही विचारलं जाईल, कारण कामाच्या नेहमीच्या वेळेत मालक कंपनीत नसेल तर ताबा त्याचा नाही असं गृहीत धरलं जातं, आणि ते खोडून काढायची जबाबदारी आपली असते. मेहुण्यांचा पगार तुमच्यापेक्षा जास्त असेल तर त्याचंही कारण लिहून ठेवा.

मेहुण्यांना हे सांगणं अवघड आहे, मला माहीत आहे. आमच्याकडेही ‘म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का?’ हे झालंच. त्यांना नियमामागचं कारण सांगा. व्हेटरनला नावापुरता पुढे करून मागून दुसऱ्यांनीच सरकारी कामं लाटायची, असे प्रकार या देशात झालेत, खटले झालेत, माणसं तुरुंगात गेलीत. ज्याने पाठीचा मणका किंवा कान देशासाठी दिले त्याच्या वाट्याचं काम कोणीतरी ऑफिसात बसून पळवतो, हे थांबावं म्हणून रिव्ह्यूअर इतके खोदून विचारतात. मला त्रास झाला तरी तो प्रश्न मला योग्यच वाटतो.

आणि याच कारणासाठी त्या मोठ्या कंपनीला आजच नाही म्हणा. ‘काम सगळं आम्ही करतो, तुम्ही फक्त प्राइम (मुख्य कंत्राटदार) व्हा, पाच टक्के तुमचे’ हा प्रस्ताव म्हणजे सरळ फसवणूक आहे. सेट-असाइडमध्ये किती पैसा बाहेर द्यायचा याला मर्यादा आहे. सेवेच्या कामात, म्हणजे तुमच्या मेंटेनन्समध्ये, सरकारकडून मिळणाऱ्या रकमेच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त बाहेरच्या कंपन्यांना देता येत नाही. युनिट बसवण्याचं काम स्पेशल ट्रेडच्या बांधकामात धरलं तर ७५ टक्के, सर्वसाधारण बांधकामात ८५. साहित्याचा खर्च बांधकामात वगळतात. जिला काम वाटून देता ती कंपनीही एसडीव्हीओएसबी असेल तर तिला दिलेले पैसे या मर्यादेत मोजत नाहीत. मोठ्या कंपनीबरोबर खरंच काम करायचं असेल तर एसबीएचा मेंटॉर-प्रोटेजे कार्यक्रम (मोठी कंपनी छोटीला हाताशी धरून शिकवते तो) आणि त्याखालची जॉइंट व्हेंचर हा उघड रस्ता आहे. तिथेही तुमच्या वाट्याचं काम तुम्हालाच करावं लागतं.

सर्टिफिकेट मिळालं की कामं चालत येतात असं मानू नका. १९९९ च्या कायद्याने सरकारी खरेदीत आपल्यासाठी ३ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं, आर्थिक वर्ष २०२४ च्या संरक्षण कायद्याने ते ५ टक्के केलं. पण ते उद्दिष्ट आहे, कोणा एकाचा हक्क नाही. फरक पडतो तो व्हीएमध्ये. २०१६ च्या किंग्डमवेअर निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोन किंवा अधिक व्हेटरन कंपन्या वाजवी किमतीत बोली लावतील असं दिसत असेल तर व्हीएने काम त्यांच्यासाठी राखून ठेवलंच पाहिजे. इतर खात्यांत ते कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरच्या, म्हणजे खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, मर्जीवर आहे.

आता हा ‘दोन कंपन्या’चा हिशेब ऑफिसर कुठून करतो? मुख्यतः सोर्सेस सॉटच्या (टेंडरआधी ‘हे काम कोण करू शकतं’ असं विचारणाऱ्या) नोटिशीला आलेल्या उत्तरांवरून. त्या नोटिशीत पैसा नसतो म्हणून लोक दुर्लक्ष करतात, आणि मग काम सगळ्यांसाठी खुलं निघालं की ओरडतात. त्या टप्प्यावर दोन पानी नेमकं उत्तर द्या : कंपनीचा दर्जा, असंच काम कुठे केलं, किती टन क्षमतेची युनिटं सांभाळली, किती माणसं आहेत. माझी बरीच कामं अशा उत्तरांनंतर राखीव झालेल्या टेंडरांतून आली.

आणखी एक, विषयाबाहेर आहे पण सांगते. मेंटेनन्सच्या टेंडरला वेज डिटर्मिनेशन, म्हणजे कामगारांना द्यायच्या किमान वेतनाचा तक्ता, जोडलेलं असतं. त्यातला ताशी दर आणि शिवाय हेल्थ अँड वेल्फेअरची ताशी रक्कम धरूनच भाव काढा. पहिलं बिल मिळेपर्यंतचे पगार खिशातून द्यावे लागतात, तेवढी क्रेडिट लाइन आधीच करून ठेवा. सॅममध्ये नाव आलं की ‘नोंदणी संपतेय, पैसे भरा’ असे ईमेल येतील, त्यांना काडीचीही किंमत देऊ नका. नोंदणी आणि नूतनीकरण दोन्ही फुकट आहे.

तुमच्या खुलाशाची मुदत जवळ आलीये, म्हणून आज रिव्ह्यूअरला लिहा की करारात दुरुस्ती करतोय आणि वाढीव मुदत हवी आहे. दुरुस्ती दोघांच्या सह्यांनी, तारखेसह, आणि जुनं कलम कोणतं व नवं कोणतं हे दिसेल अशी पाठवा. गप्प बसलात तर नकार येईल, आणि नकारानंतर पुन्हा अर्जाला ९० दिवस थांबावं लागतं. तरीही नकार आलाच तर ओएचएकडे (एसबीएच्या अपील कार्यालयाकडे) अपील करता येतं, पण त्याला फक्त १० कामकाजाचे दिवस मिळतात, तेव्हा पत्रावरची तारीख त्याच दिवशी बघा. कोरमचं आणि हिस्सा हस्तांतराचं कलम नावं झाकून इथे टाकलंत तर मी वाचून जे दिसेल ते सांगेन.