दुधाच्या दाढेत कोणती पेस्ट भरावी?

प्रश्न : मुलगी 5 वर्षांची आहे. खालची मागची दुधाची दाढ किडली, हिरडीवर पुळी आली. रूट कॅनल करायचं ठरलं. एक डॉक्टर पिवळी पेस्ट भरू म्हणतात, दुसरे झिंक ऑक्साइड. मोठ्यांसारखं गटापर्चा का नाही भरत?

उत्तर : गटापर्चा (मोठ्यांच्या रूट कॅनलमध्ये भरतात तो रबरासारखा पदार्थ) विरघळत नाही. दुधाच्या दाताची मुळं पक्का दात वर येताना झिजत जातात, तेव्हा भरलेला मालही त्यांच्याबरोबर झिजायला हवा. नेमकं तेच कोणत्याच पेस्टला तंतोतंत जमत नाही.

झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल (लवंगेच्या तेलातला मुख्य घटक) यांचं मिश्रण घट्ट बसतं, पण मुळापेक्षा सावकाश झिजतं. त्याचे कण हिरडीत मागे राहतात, क्वचित पक्क्या दाताची वाटही थोडी वळवतात. मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर ते तिथेच बराच काळ पडून राहतं.

पिवळी पेस्ट म्हणजे आयोडोफॉर्म आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड. बाजारात व्हिटापेक्स, मेटापेक्स या नावांनी मिळते. सिरिंजमधून थेट भरता येते, बाहेर गेलेली शरीर शोषून घेतं. अडचण उलटी : ती मुळाच्या आधीच विरघळते, मुळातली नळी पोकळ होते आणि जंतूंना पुन्हा जागा मिळते. दात पिवळसर-तपकिरीही दिसू शकतो. आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर ती वापरू नये.

तेव्हा पेस्टचं नाव नंतर, आधी हिशेब करा : दाढ अजून किती वर्षं तोंडात राहायची आहे? ही दाढ साधारण 10 ते 12 व्या वर्षी पडते, म्हणजे तुमच्या मुलीला निदान 5 वर्षं ती हवी. इथे आमचा कौल झिंक ऑक्साइडला, किंवा त्यात आयोडोफॉर्म व कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिसळलेल्या एंडोफ्लाससारख्या पेस्टला. दीड वर्षानंतरचे निकाल पाहता अमेरिकी बालदंतवैद्यक अकादमीच्या 2020 च्या मार्गदर्शनातही हीच दोन पुढे आहेत. दाढ वर्ष-दीड वर्षात पडणार असेल, तर पिवळी पेस्ट ठीक.

खरं तर बहुतेक अपयश पेस्टमुळे नव्हे, सफाईमुळे येतं. रबर डॅम (दाताला लाळेपासून वेगळं ठेवणारा रबराचा पडदा) लावतात का, हे विचारा. फाइल (नळी साफ करायची बारीक सुई) मुळाच्या टोकाच्या 1-2 मिमी अलीकडे थांबायला हवी, नाहीतर खालच्या पक्क्या दाताच्या कळीला धक्का लागतो. नळी सोडियम हायपोक्लोराइटने (जंतू मारणारं द्रावण) धुऊन कागदी पॉइंटने (ओल शोषणारी कागदाची बारीक काडी) पूर्ण कोरडी करावी; पू येत असेल तर त्या दिवशी कायमची पेस्ट भरू नये. वर स्टीलची कॅप हवीच. नुसत्या फिलिंगच्या कडेतून लाळ झिरपली की आतलं काम वाया जातं.

प्रश्न : मुलाच्या दाढेत वर्षापूर्वी पिवळी पेस्ट भरली. आताच्या एक्स-रेत ती दिसतच नाही. पुन्हा करावं लागेल?

उत्तर : लगेच नाही. विरघळणं हा तिचा स्वभाव आहे. दोन मुळांमधलं हाड पाहा : तिथला एक्स-रेतला काळा डाग (संसर्गाने हाड झिजल्याची खूण) लहान झाला असेल, दाढ हलत नसेल, दुखत नसेल, तर दर 6 महिन्यांनी तपासणी पुरे. डाग वाढला किंवा पुळी परतली, तर दाढ काढून जागा राखणारी पट्टी बसवणं बरं. ही पट्टी पक्का दात डोकावू लागला की काढायची असते.