बारावीनंतर फक्त बँड? मरून फाइव्हची मधली वर्षं आधी वाचा

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. चार मित्रांचा बँड आहे, हा ड्रम्स वाजवतो. डिसेंबर २०२४ मध्ये मामेभावाबरोबर मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर मरून फाइव्ह या अमेरिकन बँडचा कार्यक्रम पाहून आला, तेव्हापासून अभ्यासावरचं लक्षच उडालं. ‘त्यांनीही शाळेतच बँड काढला होता, मी सीईटी देणार नाही,’ हे एकच पालुपद. रोज तीन-चार तास वाजवतो आणि रात्री मनगटाला बाम चोळत बसतो. त्याच्या बाबांनी अबोला धरलाय. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर :

ताई, नमस्कार.

मुलगा सांगतो ते खरं आहे. लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड स्कूलमधल्या अ‍ॅडम लव्हीन, जेसी कार्माइकल, मिकी मॅडन आणि रायन ड्यूसिक या चौघांनी १९९४ मध्ये बँड सुरू केला. तेव्हा नाव होतं काराज फ्लॉवर्स. शाळा संपते न संपते तोच रिप्राइज या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारबद्ध केलं. पण त्याच्या सांगण्यात इथून थेट ग्रॅमी पुरस्कारावर उडी आहे. निर्णय घ्यायचा तर मधली वर्षं माहीत हवीत, म्हणून ती जरा सविस्तर लिहितो. हे पत्र त्यालाही वाचायला द्या.

१९९७ मध्ये पहिला अल्बम आला. निर्माता रॉब कॅव्हॅलो, म्हणजे ग्रीन डे या बँडला घराघरात पोचवणारा माणूस. एवढं पाठबळ असूनही अल्बमच्या जेमतेम पाच हजार प्रती खपल्या. १९९९ पर्यंत कंपनीशी असलेला करार संपला. विशीच्या उंबरठ्यावर चौघांच्या हातात काही उरलं नव्हतं.

मग ते कॉलेजात गेले. मॅडन आणि ड्यूसिक लॉस एंजेलिसमध्येच, यूसीएलए या विद्यापीठात. लव्हीन आणि कार्माइकल न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या फाइव्ह टाउन्स कॉलेजात. तिथल्या वसतिगृहात त्यांच्या कानावर रात्रंदिवस हिपहॉप, गॉस्पेल, आर अँड बी असं संगीत पडायचं. तोवर गिटारच्या गोंगाटात वाढलेल्या या मुलांना ताल वेगळ्या तऱ्हेने ऐकू येऊ लागला. परत आल्यावर त्यांचा आवाजच बदलला होता. कार्माइकल गिटार ठेवून कीबोर्डवर बसला, २००१ मध्ये जेम्स व्हॅलेंटाइन गिटारवर आला आणि बँडचं नाव मरून फाइव्ह झालं. आज तुमचा मुलगा ज्या ठेक्यावर मान डोलावतो, तो या काळातला आहे.

लव्हीन आणि कार्माइकल पदवी न घेताच परतले. हे मी लपवत नाही, कारण मुलगा ते शोधून काढेलच. मला त्यातून दिसतं ते असं, की नवं काही कानावर पडल्याशिवाय ते पुढे सरकले नसते, आणि ते कॉलेजने दिलं.

दुसऱ्या वेळी करार झाला तो ऑक्टोन नावाच्या छोट्या कंपनीशी. जून २००२ मध्ये अल्बम आला आणि लगेच काहीही झालं नाही. गावोगाव कार्यक्रम करत राहिले, तेव्हा कुठे २००४ मध्ये तो अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोचला. २००५ मध्ये सर्वोत्कृष्ट नव्या कलाकाराचं ग्रॅमी मिळालं, तेव्हा बँड सुरू होऊन अकरा वर्षं होत आली होती. आजही सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने एवढा काळ हिशेबात धरायलाच हवा.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते बामाचं वाक्य. तुमच्या पत्रातली मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट हीच. रेसकोर्सवर ड्रम्समागे बसलेला माणूस हा या बँडचा पहिला ड्रमर नव्हे. पहिला ड्रमर रायन ड्यूसिक. यश दारात आलं त्याच काळात सततच्या दौऱ्यांनी त्याचा खांदा आणि मनगट निकामी व्हायला लागलं, आणि २००६ मध्ये त्याला बँड सोडावा लागला. पुढे सावरायला त्याला बरीच वर्षं लागली. मग त्याने क्लिनिकल सायकॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि आज तो लोकांना मानसिक आधार देण्याचं काम करतो. हे सगळं मी धाक दाखवायला लिहीत नाही. पण अठराव्या वर्षी रोज मनगट दुखत असेल तर काठी धरण्यात, स्टुलाच्या उंचीत किंवा वाजवण्याच्या जोरात काहीतरी चुकतंय. बाम बंद करा. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मग एखाद्या जाणत्या ड्रम शिक्षकाला समोर बसवून त्याची पकड तपासून घ्या. तोपर्यंत सलग तीन तास नाही. वीस-पंचवीस मिनिटं मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिकणारं यंत्र) लावून प्रॅक्टिस पॅडवर (सरावाच्या रबरी तबकडीवर), मग विश्रांती. आणि कानात इअरप्लग हवेतच. ऐकू येणं एकदा कमी झालं की परत येत नाही.

सीईटी त्याने द्यावी. फिजिक्स तर मुळीच सोडू नये. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते आणि बारावीला फिजिक्स असण्याची अट राहिलेली आहे (अर्ज करताना त्या वर्षीचं माहितीपत्रक बघा). बँड चालला नाही तरी संगीतातच राहायचं असेल तर ही वाट त्याने स्वतःच्या हाताने बंद करू नये. पदवी कुठलीही चालेल, पण शक्यतो पुण्या-मुंबईत घ्यावी, जिथे वाजवायला जागा आणि ऐकायला माणसं आहेत. सोबत लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ड्रम्सच्या ग्रेड परीक्षा देता येतील. शिवाय ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, शिकून घ्यायला सांगा. महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा, लग्नाची संगीत संध्या, गणेशोत्सवातले कार्यक्रम यांत ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याला काम मिळतं, आणि स्वतःचा खर्च भागवणारा कलाकार घरात ताठ मानेने बोलू शकतो.

चौघा मित्रांना एका कागदावर एवढंच लिहून सह्या करायला लावा : कुठल्या गाण्याची चाल कोणाची, शब्द कोणाचे, पैसे आले तर वाटणी कशी. गाण्याच्या रचनेची रॉयल्टी गीतकार-संगीतकाराला मिळते. आपल्याकडे ती आयपीआरएस ही संस्था गोळा करते. ड्रमरचं नाव रचनाकारांत नसेल तर त्यातला एक रुपयाही त्याच्याकडे येत नाही. मैत्री घट्ट असताना हा कागद दहा मिनिटांत होतो.

बाबांबद्दल एकच सुचवतो. अबोला सोडून त्यांनी एकदा बँडच्या तालमीला जाऊन बसावं, पूर्ण दोन तास. मुलगा वेळेवर येतो का, चुकलेला भाग पुन्हा पुन्हा वाजवतो का, दुसऱ्याचं ऐकतो का, हे बघावं. पाश्चात्त्य संगीत कळायची गरज नाही. काम करणारा माणूस दुसऱ्याचं काम ओळखतोच. त्यानंतर तिघांनी एकत्र बसून बोला, आणि त्या बैठकीत सीईटीचा फॉर्म भरून टाका.

डॉक्टर मनगटाबद्दल काय म्हणाले ते मला जरूर कळवा. आणि मुलाला सांगा, त्यांच्या स्वतःच्या एका गाण्याचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग पाठव. मी मन लावून ऐकेन.